फ्लॅटमध्ये ओल्या कचऱ्याचं खत: आधी पाला जमवा, मग ड्रम आणा

ड्रम आणला, भाजीचे देठ आणि सालं टाकायला सुरुवात केली, दहा-बारा दिवसांत वास सुटला, मग अळ्या दिसल्या, शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली आणि ड्रम उचलून पार्किंगच्या कोपऱ्यात गेला. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये असे ड्रम पडून आहेत. लोक दोष देतात विरजणाला (कुजणं सुरू व्हावं म्हणून घालतात ते), हवेला, नाहीतर ड्रम विकणाऱ्याला. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ओला कचरा रोज येतो आणि त्यात मिसळायला कोरडा माल घरात नसतो.

म्हणून इथे दिलेला क्रम मोडू नका. पहिले दोन टप्पे ड्रम विकत घेण्याआधीचे आहेत आणि बहुतेक लोक नेमके तेच गाळतात. पुढचा सगळा हिशोब चार माणसांच्या, दोन्ही वेळा घरी स्वयंपाक होणाऱ्या घराचा आहे. घरात दोघंच असाल तर सगळं निम्मं धरा.

## टप्पा १: आठवडाभर नुसती मोजणी

झाकणाचा पाच लिटरचा डबा ओट्याखाली ठेवा. रोज रात्री त्यातला कचरा वजनकाट्यावर मोजा आणि दोन रकाने करा: एकात कच्चा कचरा (देठ, सालं, टरफलं, चहाचा चोथा), दुसऱ्यात शिजवलेलं पण उरलेलं अन्न.

कच्चा कचरा साधारण पाऊण किलोच्या आसपास भरेल. बारीक चिरल्यावर तो दीड-दोन लिटर जागा घेतो. ड्रम किती मोठा घ्यायचा आणि पाला किती साठवायचा, हे याच आकड्यावर ठरतं. मटार स्वस्त होतो तेव्हा आणि आमरसाच्या दिवसांत हा आकडा सहज दुप्पट होतो, तेवढी जागा मनात धरा.

दुसऱ्या रकान्याकडे लक्ष द्या. रोज वाटीभर भात किंवा दोन पोळ्या उरत असतील तर त्यावरचा उपाय ड्रम नाही, कणीक कमी मळणं हा आहे. शिजवलेलं अन्न ड्रममध्ये गेलं की त्रास वाढतो. हा रकाना आठवड्याला दोन-तीन वाट्यांच्या खाली आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कोरडा माल जमवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन लागतो तसाच कार्बनही लागतो, आणि कार्बन त्याच्या पंचवीस-तीस पट असावा लागतो. भाजीच्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन कमी. वाळलेल्या पानांत उलट. दोन्ही मिसळले तरच ते कुजून खत होतं. नुसता ओला कचरा सडतो. शिवाय कोरडा पाला पाणी शोषतो आणि थरांमध्ये हवा खेळती ठेवतो. त्याची ही दोन कामं दुसऱ्या कशानेही तितकी चांगली होत नाहीत.

किती लागेल? मापाने जेवढा ओला कचरा, तेवढाच चुरलेला कोरडा पाला, पावसाळ्यात दीडपट. म्हणजे रोज दोन लिटर, पावसाळ्यात तीन लिटर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बाहेर कोरडं पान मिळणार नाही, तेव्हा ३६०-३७० लिटर चुरा आधीच घरात हवा. धान्याच्या मोठ्या पोत्यात ८०-१०० लिटर चुरा दाबून बसतो. चार पोती धरून चाला.

कधी जमवायचा? फेब्रुवारी ते एप्रिल. या दिवसांत पुण्यात पिंपळ, वड, रेन ट्री, करंज अशा झाडांची पानं ढिगाने पडतात. सोसायटी झाडणाऱ्या ताईंशी किंवा माळीकाकांशी आधीच बोलून ठेवा. झाडल्यावर पाला वेगळ्या पोत्यात भरायला सांगा आणि पोती तुम्ही पुरवा. पाला जाळायला बंदी असूनही कोपऱ्याकोपऱ्यावर तो जळताना दिसतो. तुमच्या सोसायटीचा पाला तुमच्या पोत्यात आला की तिथला धूर बंद होतो आणि दम्याच्या माणसांचा त्रास वाचतो.

कोणती पानं? रेन ट्री, गुलमोहर, चिंच, सुबाभूळ यांची पर्णिका बारीक असल्यामुळे चुरावी लागत नाही. हाती लागली तर सोडू नका. पिंपळ, करंज, बदाम यांची पानं चुरून घ्या. आंबा, अशोक, फणस यांची पानं जाड आणि मेणचट असतात. चुरल्याशिवाय टाकली तर सहा महिन्यांनीही जशीच्या तशी निघतात. निलगिरीची पानं नकोतच.

चुरायची कशी? कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पोत्यात अर्ध्यापर्यंत भरा, तोंड बांधा आणि पोतं जमिनीवर ठेवून पायाने तुडवा. दहा मिनिटांत अर्धं पोतं चुरा होतं. त्याआधी पाला वर्तमानपत्रावर पसरून नजर टाका. रस्त्याकडेच्या पाल्यात गुटख्याच्या पुड्या, सिगारेटची थोटकं, काचा आणि स्टेपलच्या पिना हमखास असतात.

पाला कमी पडला तर पर्याय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे:

- कोकोपीट: पाच किलोची वीट मिळते. ती पाण्यात भिजवून फुगवायची सूचना कुंडीसाठी असते. खताच्या ड्रमसाठी ती कोरडीच फोडून भुगा करा. भिजवलेलं कोकोपीट घालणं म्हणजे ओल्यात ओलं घालणं. ही चूक फार घरांत होते.
- लाकडाचा भुसा: फक्त अस्सल लाकडाचा. फर्निचरचं काम चालू असलेल्या घरातला भुसा प्लायवूडचा असतो, त्यात डिंकाची रसायनं असतात, तो नको. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलात तरी कोणत्या लाकडाचा ते विचारून घ्या. तोही एकूण कोरड्या मालाच्या पावपटीपेक्षा जास्त नको, कारण तो फार हळू कुजतो.
- पुठ्ठा आणि वर्तमानपत्र: पार्सलचे खाकी पुठ्ठे चालतात. चिकटपट्टी आणि लेबल काढून दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. चकचकीत रंगीत पुरवण्या नकोत.
- उसाची चिपाडं: रसवंतीवर फुकट मिळतात, पण ओली आणलीत तर मुंग्या घेऊन येतात. पूर्ण वाळवून, तोडूनच वापरा.

पुढे जाण्याआधी तपासा: किमान एक पूर्ण पोतं कोरडा चुरा घरात, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी आहे का? नसेल तर ड्रमची ऑर्डर थांबवा.

## टप्पा ३: ड्रम तयार करणं

चौघांच्या घराला ५०-६० लिटरचे दोन ड्रम लागतात. एक भरत असताना दुसरा मुरतो. दोघांच्या घराला रंगाच्या २० लिटरच्या तीन बादल्या पुरतात. बादली आतून खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. मातीचे खंबे (खतासाठी एकावर एक रचलेली मडकी) उत्तमच, कारण माती जादा ओल शोषून घेते, पण ते जड असतात आणि वरच्या मजल्यावर हलवताना फुटतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी अर्धी भिंत उघडणारा खंबा पाहावा.

साध्या प्लॅस्टिकच्या ड्रमला असं काम करा:

1. तळाला १० मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडा.
2. बाजूंना ८ मिलिमीटरची भोकं, साधारण चार इंच अंतरावर, खालपासून वरपर्यंत. ड्रिल नसेल तर तापवलेली सळई चालते, पण हे काम मोकळ्या हवेत करा. जळत्या प्लॅस्टिकचा धूर छातीत जाऊ देऊ नका.
3. भोकांवर बाहेरून मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी चिकटवा. माश्यांची ये-जा इथूनच होते.
4. तीन इंची पीव्हीसी पाईपचा ड्रमच्या उंचीइतका तुकडा घ्या, त्याला चारही बाजूंनी भोकं पाडा आणि ड्रमच्या मधोमध उभा ठेवा. वरचं तोंड जाळीने बांधा. मोठ्या ड्रमचा मधला भाग हवेविना सडतो, तो यामुळे वाचतो.
5. ड्रम चार विटांवर ठेवा, खाली ट्रे.

जागा सावलीतली, हवेशीर, पाऊस न लागणारी निवडा. पश्चिमेकडच्या उघड्या बाल्कनीत एप्रिल-मेचं ऊन थेट लागतं आणि ड्रम कडेने वाळून जातो. भरलेला ड्रम तीस-पस्तीस किलोचा होतो, तेव्हा तो जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा. खिडकीच्या ग्रिलवर किंवा कठड्यावर कधीही नको.

सावधान: ट्रेमध्ये आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्ये पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास घरातल्या अशाच थोड्याशा पाण्यात वाढतो. ठरलेल्या वारी, आठवड्यातून एकदा, सगळं रिकामं करून घासून कोरडं करा.

## टप्पा ४: बिछाना आणि विरजण

तळाला तीन-चार इंच जाडीचा थर द्या: खाली बारीक काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या, वर पाल्याचा चुरा. त्यावर विरजण.

सगळ्यात चांगलं विरजण म्हणजे कुणाच्या तरी चालू ड्रममधलं अर्धवट पिकलेलं खत, दोन-तीन ओंजळी. ते नसेल तर वाटीभर ताजं शेण अर्धा लिटर पाण्यात कालवून शिंपडा. आंबट ताक आणि गुळाचं पाणीही लोक वापरतात. अपाय नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका आणि दर आठवड्याला ओतत बसू नका, कारण त्याने फक्त ओल वाढते. विकतची पावडर घेतलीत तर पाकिटावरच्या मापानेच घाला. कोरडा माल कमी पडत असेल तर कुठलीच पावडर तुम्हाला वाचवणार नाही.

गांडुळं सोडू नका. ताजा कचरा कुजताना तापतो आणि पस्तीस अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत. गांडूळखत ही वेगळी पद्धत आहे, तिचा टब वेगळा आणि उथळ लागतो.

## टप्पा ५: रोजची पंधरा मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे.

1. निथळा. दिवसभराचा कचरा चाळणीत टाका आणि अर्धा तास ठेवा. चहाचा चोथा नळाखाली धरून साखर-दूध धुऊन काढा आणि मुठीत घट्ट पिळा. भाजी धुतलेलं पाणी कचऱ्याबरोबर ड्रममध्ये जाता कामा नये.
2. चिरा. इंचभराचे तुकडे. फ्लॉवरचा दांडा, कोबीचा गड्डा, केळीची सालं, शेवग्याच्या शेंगांचे शेंडे अख्खे टाकू नका. तुकडा जितका लहान, तितका जिवाणूंना पृष्ठभाग जास्त. मिक्सरमध्ये वाटू मात्र नका. लगदा झाला की हवा बंद होते.
3. आधी बाहेर मिसळा. घमेल्यात एक माप कचरा आणि एक माप चुरा घेऊन हाताने किंवा खुरप्याने कालवा. ड्रममध्ये नुसते थर देण्यापेक्षा हे कितीतरी सरस ठरतं.
4. ड्रममध्ये पसरा. मध्ये ढीग नको, सगळीकडे सारखं.
5. झाका. वरून दोन बोटं जाडीचा नुसत्या कोरड्या चुऱ्याचा थर. ओला तुकडा एकही दिसता कामा नये. चिलटं टाळायचा यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.
6. गोणपाटाचा तुकडा वरून पसरा आणि झाकण लावा.

रोज जमत नसेल तर एक दिवसाआड चालेल, पण मधला कचरा झाकणाच्या डब्यात, तळाला कागद घालून ठेवा. तीन दिवसांचा आंबलेला कचरा एकदम ओतणं ड्रमला झेपत नाही.

काय टाकायचं: भाज्यांचे देठ, सालं, मटारची टरफलं, कांदा-लसणाची टरफलं, फळांची सालं, चहा-कॉफीचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं, निर्माल्य. लिंबा-संत्र्याची सालं टाकू नयेत असं सर्रास सांगितलं जातं. बारीक चिरून, रोज एखाद-दोन फळांची असतील तर खुशाल टाका.

निर्माल्याची वेगळी काळजी घ्या. हाराचा दोरा, जरी, प्लॅस्टिकच्या पाकळ्या, थर्माकोलचे मणी काढल्याशिवाय हार आत टाकू नका. दसऱ्यानंतर दारावरचा झेंडू आणि आपट्याची पानं एकदम येतात. झेंडूच्या पाकळ्या सोडवून देठ कापा, दोन दिवस वाळवा आणि पुढच्या आठवडाभरात थोड्या थोड्या टाका. आपट्याची पानं वाळवून कोरड्या मालाच्या पोत्यात घाला.

थोडंच: पोळीचे तुकडे, भात. आठवड्याला वाटीभर, तेही उन्हात वाळवून आणि मधोमध पुरून.

अजिबात नाही: मांस, मासे, हाडं, दूध-दही, तळण, रस्सा, लोणचं. लोणच्यातलं आणि आमटीतलं मीठ कुजत नाही, ते खतात साठत जातं आणि कुंडीतल्या मुळांना जाळतं. कुत्र्या-मांजराची विष्ठा नको. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं वर्षभर तशीच राहतात. त्या महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या. सुका कचरा स्वच्छ धुऊन वेगळा, आणि सॅनिटरी पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने कचरा निवडतात, त्यांना पुडी न उघडता आत काय आहे ते कळलं पाहिजे.

कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल: ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या बहुतेक पिशव्या मोठ्या, तापणाऱ्या प्रकल्पासाठी असतात. घरच्या ड्रममध्ये तितकी उष्णता टिकत नाही. डबा कागदाने अस्तरित करा, ते पुरतं.

## टप्पा ६: आठवड्याचं काम आणि मुठीची परीक्षा

दर चार-पाच दिवसांनी खुरप्याने किंवा आकड्याच्या सळईने वरचा फूटभर थर खालीवर करा. रोज ढवळू नका. आतली ऊब निघून जाते. हलवताना मध्ये हात धरला तर ऊब जाणवायला हवी. घरच्या ड्रममध्ये ती पहिले काही दिवसच असते, कारण एवढासा माल उष्णता धरून ठेवू शकत नाही. शेतावरच्या खड्ड्यासारखी वाफ निघाली नाही म्हणून घाबरू नका.

मग मुठीची परीक्षा. हातमोजा घालून मधल्या थरातली मूठभर सामग्री घ्या आणि जोरात दाबा.

- बोटांतून धार लागली: फार ओलं. एक-दोन तगारी चुरा मिसळा.
- एक-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा सैलसर राहिला: बरोबर.
- गोळाच झाला नाही, हातातून सांडलं: कोरडं. अर्धा लिटर पाणी झारीने शिंपडत कालवा.

पुण्यात ही परीक्षा ऋतूप्रमाणे वेगळी निघते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कडेचा माल सुकून जातो आणि मुंग्या येतात. तेव्हा आठवड्याला एकदा पाणी शिंपडावंच लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. त्यातही कोथरूड, वारजे, बावधन या बाजूला हडपसरपेक्षा पाऊस जास्त, तेव्हा शेजारच्या उपनगरातल्या मैत्रिणीचं माप जसंच्या तसं उचलू नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सगळं मंदावतं. ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि धीर धरा.

## बिघाड: काय दिसतं, का होतं, काय करायचं

कुजक्या अंड्यासारखा वास. आत हवा नाही. तळाला पाणी साठलंय किंवा भोकं बुजली आहेत. नुसता वरून चुरा टाकून हे जात नाही. ताडपत्रीवर ड्रम उपडा करा, गठ्ठे हाताने फोडा, एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाइतका कोरडा चुरा मिसळा, तळाची भोकं सळईने मोकळी करा आणि परत भरा. दोन दिवसांत वास उतरतो. हे काम सकाळी उघड्यावर करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

डोळ्यांत झोंबणारा, अमोनियाचा वास. नायट्रोजन फार झाला. मटारच्या टरफलांच्या, मेथीच्या जुड्यांच्या दिवसांत होतं. पुठ्ठ्याचे तुकडे आणि चुरा घालून कालवा. दोन दिवस नवा कचरा थांबवा.

जाड, राखट-तपकिरी, खंडीभर अळ्या. याच वेळी बहुतेक लोक हार मानतात. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. ही माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्याने खातात. त्या खताचं नुकसान करत नाहीत. पण त्या दिसल्या म्हणजे माल ओला आहे हे नक्की. कोरडा चुरा वाढवा, झाकण नीट लावा, दोन-तीन आठवड्यांत त्या कमी होतात. बाहेर पडलेल्या अळ्या सुपलीने भरून परत आत टाका किंवा उघड्यावर ठेवा, बुलबुल आणि साळुंक्या वेचतात. उकळतं पाणी ओतू नका.

चिलटं. अंडी बहुतेक वेळा फळांच्या सालींवरूनच घरात येतात. केळी-आंब्याची सालं मधोमध पुरा, वरचा कोरडा थर जाड करा. पेल्यात थोडा व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रमजवळ ठेवा, त्यात ती पडतात.

उंदीर, घुशी. शिजवलेलं अन्न बंद करा. तळाच्या भोकांना लोखंडी बारीक जाळी लावा. प्लॅस्टिकची ते कुरतडतात.

काहीच होत नाही, सगळं जसंच्या तसं. कोरडं पडलं असेल, किंवा कोरडा माल प्रमाणाबाहेर गेला असेल. मुठीची परीक्षा घ्या. ओल बरोबर असेल तर दोन ओंजळी जुनं खत आणि हिरवा कचरा मिसळा.

पांढरी बुरशी, जाळ्यासारखी. चांगली खूण. पानांतला चिवट भाग तीच फोडते. तसंच राहू द्या.

तळातून काळं पाणी. नीट चाललेल्या ड्रममधून ते जवळजवळ येतच नाही. आलं तर दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या मातीत घाला, पालेभाजीवर नको.

आता चुकीचे उपाय. चुना टाकला तर जिवाणू मरतात आणि नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. फिनेल, डांबरगोळ्या, झुरळांचा स्प्रे यापैकी काहीही एकदा आत गेलं तर ते खत खाण्याच्या भाजीला वापरता येत नाही.

## टप्पा ७: ड्रम भरल्यावर थांबणं

साठ लिटरचा ड्रम साधारण महिना-सव्वा महिन्यात भरतो. भरला की त्यात काहीही टाकायचं नाही, एक सालसुद्धा नाही. “एवढंसंच तर आहे” म्हणून नवा कचरा टाकत राहिलात तर कच्चं-पक्कं एकत्र होतं आणि खत कधीच तयार होत नाही. ड्रमवर खडूने तारीख लिहा आणि दुसरा सुरू करा.

बंद ड्रम आठवड्यातून एकदा खालीवर करा, ओल तपासा. उन्हाळ्यात ४५ ते ६० दिवस, पावसाळ्यात आणि थंडीत ७५ ते ९० दिवस लागतात. दुसरा ड्रम त्याआधीच भरत आला तर पहिल्यातला अर्धवट माल गोणपाटाच्या पोत्यात काढून सावलीत उभा ठेवा. पोत्यात तो उलट जास्त हवेत मुरतो. भरलेला ड्रम शेवटी वीसेक लिटरवर येतो. निम्म्याहून जास्त खाली गेला नसेल तर अजून वेळ आहे.

## टप्पा ८: चाळणं आणि पक्केपणाची तपासणी

चाळण्याआधी खत सावलीत पसरून एक दिवस सुकवा. थेट उन्हात नको. ओलं खत चाळणीच्या जाळीत अडकतं. बांधकामाची वाळू चाळतात त्यातली बारीक, पाच-सहा मिलिमीटरची चाळणी घ्या. वर राहिलेल्या काड्या आणि गठ्ठे नव्या ड्रमचा बिछाना आणि विरजण म्हणून वापरा.

सावधान: चाळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. कोरड्या खतातून बुरशीचे कण उडतात. दमा असलेल्यांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

रंग काळपट-तपकिरी आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा, एवढ्यावर समाधान मानू नका. दोन तपासण्या करा.

एक, मूठभर ओलसर खत झिपच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा कुबट वास आला तर ते कच्चं आहे.

दुसरी मेथीची. एका वाटीत निम्मी माती-निम्मं खत, दुसऱ्यात नुसती माती. दोन्हींत दहा-दहा मेथीदाणे पेरा, सारखं पाणी द्या. पाचव्या दिवशी खताच्या वाटीत उगवण कमी दिसली, कोंब पिवळे किंवा मुळं तपकिरी दिसली, तर खत आणखी तीन आठवडे मुरू द्या. कच्चं खत कुंडीत गेलं की ते कुजताना मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. मग लोक म्हणतात घरच्या खतात जोर नाही.

## टप्पा ९: वापर

नवी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट. पुण्याच्या आसपासची काळी माती एकटी वापरली तर सुकल्यावर भेगा पडतात आणि पाणी कडेने निघून जातं. तिच्यात खताचं प्रमाण थोडं वाढवा. नुसत्या खतात रोप लावू नका, ते पाणी फार धरतं आणि दबत जातं.

चालू कुंडीला, बारा इंचांची असेल तर, दीड महिन्यातून एकदा दोन ओंजळी. वरची माती खुरप्याने सैल करा, खत खोडापासून तीन बोटं लांब पसरा, मातीत मिसळा आणि पाणी द्या. खोडाला चिकटून ढीग केला तर खोड कुजतं.

पहिलं पीक म्हणून मेथी घ्या. सहा इंच खोल ट्रे, तळाला भोकं, दाणे रात्रभर भिजवून बोटभर अंतरावर विखुरलेले, वर अर्धा इंच खत-मातीचा थर. दिवसाला चार-पाच तास ऊन पुरतं. पंचवीस-तीस दिवसांत पहिली खुडणी होते. कोथिंबिरीला धणे हलके रगडून दोन फाका करून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात माती सुकू देऊ नका. घरच्या ट्रेमधली पालेभाजीही धुऊनच खा.

## सुट्टीवर जाताना

दिवाळीत किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर जाण्याआधी दोन दिवस नवा कचरा थांबवा. माल एकदा खालीवर करा, ओल तपासा, वर तीन-चार बोटं कोरडा चुरा पसरा. मे महिना असेल तर वरचा गोणपाट ओला करून ठेवा. ट्रे रिकामा करून उलटा घाला. पंधरा दिवसांपर्यंत कुणाला किल्ली द्यायची गरज नाही. परत आल्यावर पहिल्या दिवशी फक्त हलवा आणि मुठीची परीक्षा घ्या, नवा कचरा दुसऱ्या दिवसापासून.